डोळ्याच्या कडेचा ठसा

संशोधन केंद्रात तिला सगळे 'काटा' म्हणत, आणि ते काही लाडाने नव्हे. तोंडदेखलं बोलणं तिला जन्मात जमलं नाही. बघायला आलेल्या मुलाला "तुमचे दोन दात किडलेत" असं तोंडावर सांगून मोकळी झाली होती. ती बिनलग्नाची राहिली यात नवल ते काय!

तिचं काम सुरकुत्या मोजण्याचं. डोळ्याच्या कडेला रबरासारखी पेस्ट लावायची, पाच मिनिटांनी ती सोलून काढायची आणि त्या ठशावर तिरका उजेड पाडून सुरकुतीची खोली मोजायची. यंदा हायलुरॉनिक ॲसिडच्या क्रीमची पाळी होती. साठ बायका, आठ आठवडे. निम्म्यांना खरं क्रीम, निम्म्यांना साधं. कुणाला कुठलं, हे तिलाही ठाऊक नसे. निकालाचा अंदाज मात्र वीस वर्षांच्या सवयीने होता. हे ॲसिड पाणी धरून ठेवतं, म्हणून बारीक रेषा थोड्या भरल्यासारख्या दिसतात. क्रीम थांबलं की पुन्हा येरे माझ्या मागल्या. खोल सुरकुती काही जागची हलत नाही. पण डबीवर एवढं कोण लिहितो?

या साठांत तिची धाकटी बहीण होती. ठशावर नाव नसतं, नंबर असतो, म्हणून डॉक्टरांनी चालवून घेतलं. धाकटी एका हॉटेलात स्वागताच्या टेबलावर बसायची. नव्या मॅनेजरला तिथे ताजे चेहरे हवे होते. बाकीच्यांची रवानगी मागे, चादरी धुण्याच्या खोलीत व्हायची होती. तेव्हापासून धाकटीची अन्नावरची वासना उडाली होती. येता-जाता ती आरशासमोर उभी राही.

आठव्या आठवड्यात ताईने तिचा ठसा उजेडाखाली धरला; तिचा नंबर ताईला पाठ होता. आकडा पहिल्या दिवशी होता तोच. धाकटी जीव मुठीत धरून दारात उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा ताईची जीभ रेटेना.

"अर्ध्यावर आल्यात गं," ती म्हणाली.

धाकटी तिच्या गळ्यात पडून रडली. ताईला वाटलं, चार दिवस बरे जातील बिचारीचे, त्यात कुणाचं काय बिघडतं? बिघडलं ते असं. नुसतं वरून लावून एवढा फरक, मग तेच आत टोचून घेतलं तर सगळंच जाईल, असं धाकटीच्या मनाने घेतलं. सुईने सुरकुती भरते हे खोटं नव्हे. त्याला पुरावा क्रीमपेक्षा भक्कम आहे. पण ते शिकलेल्या हाताचं काम. धाकटी गेली एका पार्लरमध्ये, जिथल्या बाईचं शिक्षण दोन दिवसांच्या वर्गापुरतं होतं. भुवयांच्या मधोमध टोचलेलं औषध रक्तवाहिनीत शिरलं. खुर्चीवरून उठायच्या आत डावा डोळा गेला.

वॉर्डात ताई तिच्या उजव्या बाजूला बसून होती. नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं. नर्स सलाईन बदलता बदलता रागावली, असल्या गोष्टींवर लोक विश्वास तरी कसा ठेवतात म्हणून.

"माझ्या ताईने मोजलं होतं," धाकटी शांतपणे म्हणाली. "ती कधी खोटं बोलत नाही."

नर्स गेल्यावर ताईने तिचा हात धरला आणि सगळं सांगून टाकलं. आकडा हलला नव्हता, केसभरही नाही. सांगताना ती ओक्साबोक्शी रडत होती.

धाकटीने हात सोडवून घेतला.

"ताई, या बाजूला नको बसूस."

ताई उठली, पलंगाला वळसा घालून गेली आणि गेलेल्या डोळ्याच्या बाजूला जाऊन बसली.