कापडाचं बारसं

घानातल्या कोतोकुराबा बाजारात नाव नसलेलं कापड खपत नाही. आणि ते नाव ना कारखान्याला देता येतं, ना विकणारीला. कुणाच्या तरी तोंडून ते निघतं आणि चिकटतं, नाहीतर हवेत विरतं. अराबा मन्सिमाला हे लहानपणापासून ठाऊक होतं. याच ओट्यावर तिची आई कापड विकायची. तरीही त्या वर्षी तिने हट्टाने एक निळी नक्षी मागवली. गडद निळ्यावर पांढरे ठिपके एका बाजूला दाटीवाटीने जमलेले, आणि पार दुसऱ्या टोकाला एक रिकामं वर्तुळ. ती तिला बघताक्षणी आवडली होती. का, ते तिलाही सांगता येईना.

"मुंग्या लागल्यात का गं याला?" शेजारच्या ओट्यावरची अदवोआ रोज विचारायची.

नवी नक्षी निवडायचा मान अराबाला दिला होता तो कापडवाल्यांच्या प्रमुख एसीआजींनी. त्या एकदा येऊन कापड चाचपून गेल्या. "महिनाअखेरपर्यंत याला नाव पडू दे, पोरी. नाहीतर पुढची नक्षी अदवोआ निवडेल. तुझी नजर थकली म्हणायची."

अराबाने आपणच 'शांत समुद्र' म्हणून पाहिलं, 'विजय' म्हणून पाहिलं. गिऱ्हाइकं हसून पुढे जात.

त्यातच घानाचा संघ आफ्रिकेच्या चषकात उपांत्य फेरीत पोचला आणि बाजाराला दुसरं काही सुचेना. ज्याला त्याला झेंड्याच्या रंगांचं लाल-पिवळं-हिरवं कापड हवं.

"अराबाताई, तुझा निळा संघ कुठल्या देशाचा?" अदवोआ गिऱ्हाइकांसमोरच म्हणाली.

सामन्याच्या दुपारी खरेदी थांबली. केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, आणि तळलेले मासे पुढ्यात घेऊन सगळ्याजणी अदवोआच्या रेडिओभोवती बसल्या. अराबाला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, पण ऐकलं की तिला राहवत नसे. कॉर्नर म्हणजे काय? पंचाला शिट्टी कोण देतं? तो पडला तर उठत का नाही?

"ताई, तू सामना ऐकायला बसलीस की आमची परीक्षा घ्यायला?"

आपला संघ एका गोलने मागे होता. वेळ संपत आली. कॉर्नर मिळाला, आणि रेडिओवरचा माणूस किंचाळला, "गोलकीपरसुद्धा जागा सोडून पुढे आलाय!"

अराबा हातातला घास टाकून उठली. "अगं बाई! मग घरी कोण थांबलंय?"

मग हशाचा असा लोट उठला की गोल झालेला निम्म्यांना कळलाच नाही. पुढे जादा वेळेत घाना जिंकलं. लोक नाचत रस्त्यावर आले, पण सगळ्यांच्या तोंडी अराबाचाच प्रश्न. दुसऱ्या दिवशी कोळणी हमालांना विचारत होत्या, हमाल टॅक्सीवाल्यांना. अदवोआ पाणी आणायला उठली, तर गिऱ्हाईक तिच्या रिकाम्या ओट्याकडे बघून ओरडलं, "घरी कोण थांबलंय?"

आणखी दोन दिवसांनी पलीकडच्या गल्लीतली मासे तळणारी बाई निळ्या कापडापुढे थबकली. ठिपक्यांवरून तिचं बोट रिकाम्या वर्तुळापर्यंत गेलं.

"सगळे इकडे गर्दी करून, आणि घर बघा मोकळं! हेच ना गं ते, 'घरी कोण थांबलंय'? सहा वार दे. संध्याकाळी कधी घरी न सापडणाऱ्या माझ्या नवऱ्यापुढे हेच नेसून मिरवते."

दुपारपर्यंत अशा नवऱ्यांच्या बायकांची रांग लागली.

महिनाअखेरीला एसीआजी आल्या. नजरेचा विषय त्यांनी काढला नाही. ओट्यावर टेकून एवढंच म्हणाल्या, "'घरी कोण थांबलंय' असेल तर सहा वार दे. आणि पुढच्या खेपेला काय मागवतेयस?"

अराबाने कात्री उचलली. पण एक गोष्ट तिला अजून छळत होती.

"अदवोआ, खरंच सांग. गोलकीपर पुढे आला तेव्हा गोलात कोण होतं गं?"

"कुणीच नव्हतं, ताई."

"आणि सगळ्यांना ठाऊक होतं?"

"हो."

अराबा कात्री तशीच धरून त्या रिकाम्या वर्तुळाकडे बघत राहिली. "काप की गं," आजी म्हणाल्या.