कुलपापुढची ज्वारी

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कोणी विषय काढलाच तर दुसरं काहीतरी बोलायचो. आता चर्चमध्ये माझ्या बरोबरीचं फारसं कोणी उरलं नाही, आणि चर्चच्या स्लॅबसाठी मंडळीला जागं केलं म्हणून तरुण पोरं अजून माझं कौतुक करतात. ते ऐकवत नाही.

वडीगोद्रीच्या पुढं, हायवेपासून आत, आमचं पत्र्याचं चर्च होतं. मी पंच होतो. बायकांची एक रीत होती. दळण करताना एक मूठ ज्वारी बाजूला काढायची आणि रविवारी चर्चच्या दाराजवळच्या डब्यात ओतायची. गावाच्या टोकाला एक मावशी एकटीच राहायची. अर्पणाच्या थैलीत तिचा हात कधी गेला नाही. मूठ मात्र कधी चुकली नाही.

पत्रे काढून स्लॅब टाकायचा विषय निघाला तेव्हा उपासनेनंतर मी दशांशावर, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देवाला देण्यावर, बोललो. बोलण्याच्या भरात तिच्याकडे वळून म्हणालो, "मावशी, मुठीमुठीनं स्लॅब पडत असतो व्हय?"

मंडळी हसली. तीही हसली. "बराबर हाय, भाऊ," म्हणाली.

हंगामाच्या सणाला लोक पिकातलं, घरातलं काहीबाही देवाला आणायचे आणि चर्चसाठी त्याचा लिलाव व्हायचा. त्या वर्षी तिनं आपली एकुलती एक कोंबडी आणली. त्या कोंबडीच्या अंड्यांवरच तिचं मीठ-तेल चालायचं. लिलावात मीच बोली चढवली. टाळ्या पडल्या. गरिबानं दिलेली वस्तू विकत घेणारानं ती परत त्याच्याच हाती द्यावी, असं आमच्याकडं चालत आलेलं. पण परत दिली असती तर दशांशावरचं माझंच बोलणं खोटं पडलं असतं. मी कोंबडी घरी नेली.

दुसऱ्या दिवशी खुराडं रिकामं. थोड्या वेळानं मावशी दारात उभी, काखेत कोंबडी.

"माघारी आल्ती. देवाला दिलेलं माझ्या घरात न्हाई ठेवायचं, भाऊ."

मग हे रोजचंच झालं. "राहू द्या तुमच्याकडंच," एवढं म्हणायचं होतं. मी हात पुढं करून कोंबडी घेत राहिलो.

पावसाळ्यात मावशी वारली. दाराला कुलूप लागलं. कोंबडी तरी तिकडं जातच राहिली. एकदा आणायला गेलो तर ती उंबऱ्याशी दाणे टिपत होती. कुलपापुढं ज्वारी पडली होती, मूठभर. भोवती चिखल, आणि त्यात कोंबडीच्या नखांखेरीज कशाचाच ठसा नाही.

शेजारणीला विचारलं, "कोण टाकतं हो?"

"आम्हाला वाटलं, तुम्हीच टाकून राह्यले," ती म्हणाली, आणि घाईनं आत गेली.

पुढं कोंबडीही मेली. चर्चवर स्लॅब पडला. आता दशांश मोबाइलवर येतो, दाराजवळचा डबा कधीच गेला. मी मात्र अजून त्या वाटेनं जातो. ज्वारी असते, भर पावसातही कोरडी. चिमण्या तिकडं फिरकत नाहीत, मुंग्या लागत नाहीत.

मागच्या रविवारी त्या दाराशी वाकलो. आतून सुपात पाखडल्याचा आवाज येत होता, सावकाश. मग तो थांबला, कोणीतरी कान दिल्यासारखा. काय बोलायचं ते मी घरून घोकून गेलो होतो. तोंडातून "मावशी" एवढंच निघालं. पुढचं तसंच राहिलं: तुमची मूठ पुरत होती. कोंबडी तुमचीच होती. मी चुकलो.