बोटाला लागणारं नाव

२०२४ चा वैशाख. अंबडच्या माझ्या शेडमध्ये जनावरांच्या कानात घालायचे प्लॅस्टिकचे बिल्ले होतात. नाव तापलेल्या ठशानं उमटवायचो. ठसे झिजले, म्हणून लेझर मशीन बघायला निघालो. माणूस मशीन बघायला निघाला की किस्से आपोआप साठतात. मशीन तेवढं मिळत नाही!

माझी अट एकच. अक्षर बोटाला लागलं पाहिजे.

सिन्नरच्या रंगनाथनं, माझ्या दोस्तानं, मला त्याच्या चंद्री गाईची वासरी दिली होती. बोली अशी, की तिची पहिली कालवड त्याची. वासरीची गाय झाली, पण तिला गोऱ्हेच होत गेले. कालवड घेतल्याशिवाय त्याच्या दारात जायचं नाही, असं मी ठरवलं. मध्ये चंद्री गेली. रंगनाथची नजर गेली. आता कालवड झाली; तिचं नावही चंद्रीच ठेवलं.

*

पहिल्या दुकानात पिवळ्या बिल्ल्यावर काळंभोर नाव उमटलं. मी डोळे मिटून अंगठा फिरवला. गुळगुळीत!

"काका, डोळे मिटून कोण वाचतं?"

"ज्याला वाचायचंय तो."

*

दुसऱ्यानं खोल कोरून दाखवलं. धूर निघाला. 'चंद्री'वरच्या टिंबाच्या जागी आरपार भोक!

"दोरी ओवायची सोय झाली, काका!"

*

मुलगा वैतागला. "अण्णा, गिऱ्हाईक डोळ्यांनी बघतं. काळं अक्षर देणारं घेऊ."

"गिऱ्हाईक तुझं. कालवड रंगनाथची."

*

रंगनाथचा फोन आला. "मशीन बघतो का नवरी?"

"बिल्ला झाला की येतो."

"बिल्ल्याचं राहू दे. लय दिस झाले, तू ये की!"

मी फोन ठेवला. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

*

तिसऱ्या दुकानात एक बाई मशीन चालवत होत्या. त्यांनी एकाच रेषेवरून हलका लेझर पुन्हा पुन्हा फिरवला. "घाई केली की जळतं, काका. हळूहळू खोल जायचं."

"माहीत आहे. लग्नाला चाळीस वर्षं झालीत!"

बाई हसल्या. अक्षर अंगठ्याला लागलं. तेच मशीन घेतलं.

*

कालवड पिकअपमध्ये घालून सिन्नरला गेलो. रंगनाथनं तिचा कान धरला. बोट बिल्ल्यावरून सावकाश फिरवलं.

"चं... द्री."

मग त्यानं तिच्या कपाळावर तळवा ठेवला. "चंद्रीसारखा पांढरा चांद हाय का रे हिला?"

कपाळ काळं कुळकुळीत होतं.

"आहे," मी म्हणालो.

दावं त्याच्या हातात दिलं.