दोन कृष्णात मोरे

शिवांजलीचं ऑफिस म्हणजे पलूसच्या घराची माडी. पुण्यातली नोकरी सुटल्यावर ती परत आली आणि आसपासच्या दूध संस्थांना ॲप लिहून देऊ लागली. आई गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं. कोड वाचणारंही कुणी नव्हतं, मग व्हेरिएबलना, म्हणजे माहिती ठेवायच्या कप्प्यांना, नावं तरी कसली? a, b, b2. आपल्याला कळतंय ना, बास.

एका संस्थेचे सभासद कृष्णात जोतिबा मोरे वारले. ॲपनं सगळ्यांना श्रद्धांजलीचा निरोप धाडला, पण फोटो लागला दुसऱ्याच कृष्णात जोतिबा मोऱ्यांचा. हे त्याच गावचे निवृत्त फौजी, मळ्यात एकटेच राहणारे, चांगले धडधाकट.

शिवांजलीनं कोड उघडला. a आणि b सारखे निघाले तर एकच माणूस धरायचा, असं तिनंच लिहिलं होतं. नाव सारखं, बापाचं नाव सारखं. जन्मतारीखही सारखी, कारण शाळेत घालताना गुरुजींनी निम्म्या गावाला एक जूनच लावलेली. सारखा म्हणजे तोच नव्हे, एवढं तिला कळत होतं. पण a कुठला आणि b कुठला, हे तिचं तिलाच लवकर उमगेना.

माफी मागायला ती मळ्यात गेली.

"बघितला म्या निरोप," म्हातारा हसला. "फोटो झ्याक लावलास."

"काका, लोकांनी फोन करून भंडावलं असेल."

तो खाटेवरची सतरंजी नीट करत राहिला. "न्हाई गं. गाव त्या कृष्णातच्या मातीला गेलं. माझा फोटो बघून सुदीक कुनी इचारलं न्हाई. म्या आपला दाराकडं बघत बसलो."

त्यानं केलेला चहा शिवांजली सावकाश प्याली.

घरी येऊन तिनं सभासद क्रमांकावरून माणूस ओळखायची सोय केली. a झाला 'वारलेले सभासद', b झाला 'फोटोतले सभासद'. वाचणारं कुणी नसलं तरी सगळी नावं तिनं बदलली. चूक दुरुस्त झाल्याचं सांगायला, आणि खरं तर बसायला, ती रविवारी पुन्हा मळ्यात गेली. दाराला कुलूप.

"लेक आलती खंडाळ्याची," शेजारच्या तानुबाई म्हणाल्या. "कुनीतरी त्यो निरोप दावला तिला. लय रडली. त्येंस्नी घिऊनच गेली, आता तितंच ऱ्हानार म्हनं."

"बरं झालं," शिवांजली म्हणाली, आणि ते तिला खरंच बरं वाटलं.

"तू कोन त्येंची?"

"कुणी नाही," असं म्हणून तिनं गाडी चालू केली.