हॅरिएटची लोकसंख्या

“फ्राऊ देसाई, हॅरिएटमध्ये किती लोक राहतात?”

“एकही नाही.”

“पुरावा?”

विचारणाऱ्या फ्राऊ लिंडनर, म्हणजे लिंडनर बाई. आमच्या फर्मच्या डाटेनशुट्झ अधिकारी, म्हणजे कुणाची खासगी माहिती आमच्या हातून बाहेर जाऊ नये, हे पाहणाऱ्या. मी नकाशे तयार करणारी इंजिनिअर. जर्मनीत र्युसेल्सहाइमजवळच्या आमच्या छोट्याशा फर्ममध्ये मोटार कंपन्यांसाठी टेस्ट ड्राइव्हचे मार्ग आखले जायचे. गोष्ट २०१०च्या दशकाच्या मध्यातली.

त्या वर्षी एका नव्या गाडीची धूळ आणि उन्हाची चाचणी होती. जागा ठरली अमेरिकेत, नेवाडातल्या उंचावरच्या वाळवंटात. एकेकाळी तिथे तांब्याच्या खाणी होत्या. खाणी बंद पडल्या आणि गुरं चारणारे रँचवाले तेवढे उरले. आजच्या नेव्हिगेशनच्या नकाशात त्या भागात नुसता पिवळसर रंग दिसायचा. म्हणून मी जुने सर्व्हेचे नकाशे स्कॅन करून कॉम्प्युटरवर बसवत होते. हे टोपोग्राफिक नकाशे, म्हणजे त्यात जमिनीचा चढउतारही कळतो. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी रेषा असतात. रेषा जवळजवळ आल्या की चढ तीव्र. एकमेकांवर ठेवलेल्या दोन कुदळी म्हणजे खाण. काळा चौकोन म्हणजे घर.

आमच्या मार्गावरच्या हॅरिएट या जुन्या खाणीच्या गावात असे भरपूर काळे चौकोन होते. एका चौकोनावर झेंडा होता, ती शाळा. एकावर क्रूस, ते चर्च.

“गाडीच्या टपावर कॅमेरे आहेत,” फ्राऊ लिंडनर म्हणाल्या. “गावातून जाताना लोकांचं चित्रण होणार. त्यांना आधी कळवायला हवं.”

“पण हा नकाशा फार जुना आहे. गाव उठलं.”

“नकाशा सरकारी आहे?”

“हो.”

“गाव उठल्याचं त्यावर लिहिलंय?”

मी त्यांना उपग्रहाचा फोटो दाखवला. एकही छप्पर नव्हतं. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

“तळघरं असू शकतात,” त्या म्हणाल्या.

माझे बॉस हेर्र क्रॅमर हे सगळं शेजारी बसून ऐकत होते. बाहेर आल्यावर मी म्हटलं, “तुम्ही काहीच बोलला नाहीत!”

“आल्झो, असं आहे,” ते म्हणाले, “तळघराचा मुद्दा मला खोडता आला नाही.”

मला हसू येत नव्हतं. चाचणी कडक उन्हाळ्यातच व्हायला हवी होती. उन्हाळा हुकला की प्रोजेक्ट वर्षभर पुढे. माझं कॉन्ट्रॅक्ट या एका प्रोजेक्टपुरतं होतं, आणि नवरा नुकताच नोकरी सोडून जर्मन शिकायला बसला होता. नसलेल्या गावापायी आम्हाला पुण्याचं तिकीट काढावं लागेल, हे सासूबाईंना कसं समजावणार?

शेवटी मी तिथल्या काउंटी ऑफिसला फोन लावला. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. फोनवरच्या बाईंना सांगितलं, “हॅरिएटमध्ये कोणी राहत नाही, असं दोन ओळींत लिहून द्याल का?”

“नाही देता येणार,” त्या म्हणाल्या. “राहतात ना. मिसेस टकर राहतात.”

ही बातमी दिली तेव्हा फ्राऊ लिंडनरना मनापासून आनंद झाला. मला इतक्या महिन्यांत त्या पहिल्यांदाच हसताना दिसल्या.

मिसेस टकर रँचवाल्या होत्या. गावापलीकडच्या खोलगट भागात ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात राहायच्या. ट्रेलर टेकडीच्या सावलीत असल्यामुळे माझ्या फोटोत दिसला नव्हता. आम्ही तिघांनी स्पीकरवर फोन लावला. फ्राऊ लिंडनरनी इंग्रजीत सविस्तर निवेदन वाचलं.  मग पलीकडून आवाज आला, “म्हणजे जर्मनीहून गाडी आणून ती माझ्या दारात धुळीत घालणार? घाला. धुळीला काही कमी नाही.”

“आम्ही गावातून उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्याने जाऊ,” मी म्हणाले.

“तो रस्ता खाणीत जातो.”

“खाणीपर्यंत?”

“नाही हो, खाणीत. खालचे बोगदे पोकळ झाले होते. रस्ता खचला आणि आत गेला. माझी एक गायही गेली.”

हेर्र क्रॅमरनी हातातला कप खाली ठेवला. मी आखलेल्या मार्गानुसार गाडी नेमकी तिथूनच उतारावर वेगाने जाणार होती. वरून फोटोत तिथे फक्त एक गडद डाग होता, आणि तो मी झुडूप समजले होते. गाडीत दोन माणसं बसणार होती. मी त्या डागावर लाल फुली मारली.

मिसेस टकरना मात्र माझ्या जुन्या नकाशातच जास्त रस वाटला. “त्यात पाणी दाखवलंय का? चर्चच्या मागे विहीर होती असं माझे सासरे म्हणायचे.”

मी नकाशा मोठा केला. चर्चच्या मागे छोटं निळं वर्तुळ होतं. मी त्याचं नेमकं ठिकाण सांगितलं. चार-पाच दिवसांनी त्यांनीच फोन केला. दगडांखाली विहिरीचं तोंड सापडलं होतं आणि तळाला पाणी होतं. “आता तुम्हाला चालू असलेले सगळे रस्ते सांगते. लिहून घ्या,” त्या म्हणाल्या. माझा नवा मार्ग त्यांनी फोनवरच आखून दिला.

“आणि चित्रणाला परवानगी?” फ्राऊ लिंडनरनी विचारलं.

“माझी आहे. गुरांना तुम्हीच विचारा.” त्या हसल्या. “पण शेजाऱ्यांची गुरंही इकडे येतात. मागच्या पुठ्ठ्यावर डागलेल्या खुणेवरून कळतं कुणाची ते. लांबूनही ओळखते मी.”

फ्राऊ लिंडनरचं पेन थांबलं. “म्हणजे गाईच्या पुठ्ठ्यावरून मालकाची ओळख पटते?”

“त्यासाठीच तर डागतात!”

मी डोळे मिटून घेतले.

निर्णय असा झाला: चित्रणात गाय दिसली की तिचा पुठ्ठा धूसर करायचा. हे काम आमच्या समीरकडे आलं. तो मूळचा नाशिकचा. रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे आपोआप धूसर करणारा प्रोग्रॅम त्याने लिहिला होता. “मेघना, अगं मी एम.टेक. आहे,” तो म्हणाला, आणि गाईंचे मागून काढलेले फोटो शोधायला बसला. त्याच्या मागून कोणी गेलं की तो घाईने स्क्रीन बंद करायचा. त्यामुळे लोकांचा भलताच गैरसमज झाला.

गाडी वेळेत नेवाडाला गेली, सोबत हेर्र क्रॅमरही. धूळ खाऊन, तापून, धडधाकट परत आली. मग क्लायंटसमोर डेमो. मोठ्या पडद्यावर चित्रण सुरू झालं. गाई येत होत्या आणि पुठ्ठे व्यवस्थित धूसर होत होते. क्लायंटचे साहेब बघतच राहिले. त्यांना वाटलं, लेन्स खराब आहे.

मग एका ठिकाणी गाडी थांबली होती. तपकिरी पँटमधले हेर्र क्रॅमर गाडीपुढचा दगड हटवायला कॅमेऱ्याकडे पाठ करून खाली वाकले, आणि मागून अलगद धूसर झाले.

सगळे वळून हेर्र क्रॅमरकडे बघू लागले.

“गेनाऊ, अगदी बरोबर,” फ्राऊ लिंडनर म्हणाल्या. “शंका असेल तर झाकलेलं बरं.”

क्लायंटने काम मंजूर केलं आणि माझं कॉन्ट्रॅक्ट वाढलं. त्या प्रोग्रॅममध्ये माणूस आणि गाय यांतला फरक समीरने नंतर घातला. हेर्र क्रॅमरच्या खास विनंतीवरून.

माझ्यापुरतं म्हणाल, तर तेव्हापासून एक शिस्त लावून घेतली आहे. नकाशावर जागा रिकामी दिसली, की कागद बाजूला ठेवायचा आणि आधी तिथे फोन करून बघायचा. कोणी उचलला, तर रस्ता त्यांनाच विचारायचा.