वाकणावरचा दहीभात

आमचा पणजोबा पळपुटा, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगायचं. खाडीचा बांध फुटला, तेव्हाच्या खोताने त्याला फुटीची खांड बुजवायला लावलं, आणि हा पोटुशी बायको टाकून पळाला. पळून गेलेल्याला पितृपक्षात पान कसलं? आमच्या घरी त्याला पान नव्हतं. नारळी पुनवेला सगळं गाव बांधावर जमायचं तेव्हा माझा बाप मागे, मान खाली घालून उभा. मला त्या मानेचाच राग यायचा.

लग्न होऊन मी रेवदंड्याला आले. शेजारी आमच्याच गावची एक म्हातारी होती. एकदा सुकट निवडताना मी पणजोबाचा विषय काढला, तर तिचे हात थांबले.

"कोन बोलला पळाला? मी लहान व्हते, मातीच्या पाट्या वाहत व्हते. वाकणावर, बांध वळतो तिथं, खांडीत उतरला नि कमरेपर्यंत रुतला. भरती येत व्हती. खोत बोलला, टाका माती. आमी टाकली." मग हळूच म्हणाली, "बुजवलीस तर बांधाआड शेत देतो, असा शब्द दिलेला. मेला म्हटलं तर बायकोला द्यावं लागलं असतं. म्हनून पळाला असं उठवलं. आमाला दम दिला."

तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मग एक आठवलं. नारळ सगळी गावं उघाडीपाशी वाहतात, जिथून पाणी सोडतात. आमचा खोतही तिथंच वाहायचा. पण नंतर एकटा वाकणापर्यंत जायचा, वहाणा काढायचा आणि दहीभाताचं पान ठेवायचा. आजोबांपासूनची रीत, म्हणायचा. दर्याला कोणी दहीभात देतं का? चोराच्या मनात चांदणं. आमच्या घरात ज्याला पान नव्हतं, त्याला खोताचं घर भिऊन जेवू घालत होतं.

पुढच्या पुनवेला मी माहेरी गेले आणि वाकणावर जाऊन उभी राहिले. खोत पान घेऊन आला.

"खोत, हा भात कोणाला?"

"रीत आहे बाई."

"खाली माझा पणजोबा हाय. पाट्या वाहणारी अजून जिवंत हाय रेवदंड्याला. चला विचारायला."

तो पान ठेवायला वाकला. सगळं गाव उघाडीपासून मागोमाग येऊन बघत होतं. मी त्याच्या हातातलं पान घेतलं आणि खाडीत भिरकावलं. म्हटलं, आमचं माणूस तुमच्या हातचं जेवणार न्हाय. मग मी घरून आणलेलं पान तिथं ठेवलं. बाप गर्दीतून पुढे आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला.

काही वर्षांनी बांध पुन्हा खचला, तिथंच. मी माहेरीच होते. खोत स्वतः आमच्या दारात आला, माझ्या भावांना खांडीत उतरायला न्यायला. त्या बांधाआड आमचं वीतभर शेत नव्हतं. भाऊ उठायला लागले, मी त्यांना बसवलं.

"तुमीच उतरा की खोत," मी म्हटलं. "पणजोबाच्या शेजारी जागा हाय."