दाराबाहेर उभी असलेली दोन माणसं

मुलगी साडेचार महिन्यांची असताना एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास दाराची बेल वाजली. मी तिला नुकतीच आंघोळ घालून दुपट्यात गुंडाळत होते आणि ती रोजच्यासारखी जिवाच्या आकांतानं रडत होती. इंटरकॉमच्या छोट्या पडद्यावर दोन माणसं दिसली. पन्नाशीची एक बाई आणि तिच्यामागे एक तरुण पुरुष. दोघांच्या गळ्यात ओळखपत्रं होती. बाईनं कॅमेऱ्याकडे बघून मान लववली आणि ती सावकाश काहीतरी बोलली. मला त्यातले दोनच शब्द धरता आले. 'आका-चान', म्हणजे बाळ, आणि 'नाकिगोए'. हा दुसरा मी फोनवर शोधला. रडण्याचा आवाज.

मी इंटरकॉमचं बटण दाबलंच नाही.

जपानमधल्या एदोगावात राहायला येऊन आम्हाला दीड वर्ष झालं होतं. नवरा पुण्यातल्या कंपनीकडून इथे आलेला, मी माझी टेस्टिंगची नोकरी सोडून त्याच्यामागोमाग आलेली. बाळंतपणाला आई आली. तिचा व्हिसा नव्वद दिवसांचा होता, तो संपला तशी ती गेली. त्याच आठवड्यात नवऱ्याला नागोयाच्या क्लायंटकडे पाठवलं. सोमवारी पहाटे तो निघायचा, शुक्रवारी संध्याकाळी परत यायचा. "दोनच महिने," तो म्हणाला, आणि मीही म्हटलं, जमेल.

जमत नव्हतं. तीन महिने झाले की बाळाचं रडणं थांबतं असं सगळ्या सांगायच्या, हिचं वाढलं. हिंगाचा लेप झाला, ओव्याची पुरचुंडी झाली, खांद्यावर घेऊन तासन्‌तास फेऱ्या झाल्या. पत्रपेटीत सरकारी पाकिटं यायची, सगळी जपानीत. आधी मी त्यांचे फोटो काढून नवऱ्याला पाठवायचे. तो शनिवारी अर्धमेला होऊन सोफ्यावर पडलेला दिसायला लागल्यावर तेही सोडलं. पाकिटं फ्रिजवर साठत गेली. एका अनोळखी नंबरवरून सारखे फोन यायचे. अनोळखी नंबर उचलायचा नाही हा माझा नियम होता. नंतर कळलं की तो नंबर आरोग्य केंद्राचा होता आणि फ्रिजवरच्या एका पाकिटात बाळाच्या तपासणीची तारीख होती. ती तारीख उलटून गेली होती. म्हणजे सरकारदरबारी एक बाळ होतं, ज्याला कोणीच पाहिलेलं नव्हतं. आणि आता शेजारपाजारच्या कोणीतरी त्याचं रडणं कळवलं होतं.

बेल पुन्हा वाजली.

आमच्या बायकांच्या ग्रुपवर एक गोष्ट नेहमी फिरायची. कुठल्याशा देशात आपल्याकडच्या एका जोडप्याची मुलं सरकारनं उचलून नेली होती आणि वर्ष झालं तरी परत दिली नव्हती. मी नवऱ्याला फोन लावला. त्यानं तो कापला. पुन्हा लावला. मग मेसेज आला, "मीटिंग. काय झालं?" मी लिहिलं, "मुलांच्या ऑफिसातून लोक आलेत. रडण्याबद्दल." उत्तर लगेच आलं. "दार उघडू नकोस. मी बघतो."

मी मुलीला छातीशी धरून दाराच्या मागे उभी राहिले. बाहेर दोघं हलक्या आवाजात बोलत होती. मुलीचं रडणं टिपेला पोचलं होतं. हिचा आवाज ऐकू आला नाही तर हे लोक जातील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

किती वेळ? दोन सेकंद असतील, तीन असतील. माझ्या तळव्याखाली तिचा गरम श्वास लागला आणि तिचे डोळे मोठे झाले. मी हात असा काढला की जणू चटका बसला. आणि साखळी काढून दार उघडलं.

बाई आत आली नाही. आधी उंबऱ्याबाहेरूनच तिनं एक कागद पुढे केला. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की आम्ही बालकल्याण कार्यालयातून आई आणि बाळ दोघांचीही विचारपूस करायला आलो आहोत, आत येऊ का? तरुणानं एक फोन लावून स्पीकरवर ठेवला. पलीकडून एका स्त्रीचा आवाज आला, हिंदीत. ती दुभाषी होती, कुठल्या शहरात बसलेली होती कोण जाणे. तिनं नमस्ते म्हटलं आणि मला रडू फुटलं. नवरा नसताना त्या घरात मोठ्या माणसाचा मला कळणारा आवाज किती दिवसांनी येत होता.

दोघं बूट काढून आत आली. मी पाणी पुढे केलं, त्यांनी हात लावला नाही. बाईनं विचारलं, बाळाचे कपडे काढून पाहू का?

"कशाला?" मी म्हटलं.

"कुठे दुखलंखुपलं नाही ना, एवढंच बघायचंय."

मी दुपटं सोडलं. तरुणानं वही उघडली. कपाळावरची काजळाची तीट, मनगटातले काळे मणी, पोटावरचा करदोटा. बाईची नजर करदोट्यावर थांबली.

"हे बाळाला का बांधलंय?"

मी सांगितलं, आमच्याकडे बांधतात, माझ्या आईनं बारशाला बांधला. दुभाषी बाईला करदोटा ठाऊक होता, ती माझ्याहून जास्त वेळ समजावत राहिली. अधिकारी बाई मान हलवत होती, पण तिचं बोट दोऱ्याच्या खालून फिरत होतं. दोऱ्याच्या खाली लाल वळ उठला होता. मुलगी वाढली होती आणि दोरा तेवढाच राहिला होता. आई असताना दर रविवारी सैल करायची. ती गेल्यापासून मी तिकडे पाहिलंच नव्हतं. रोज तेल लावत होते, रोज आंघोळ घालत होते, आणि हे मला दिसलं नव्हतं.

मी स्वयंपाकघरातून कात्री आणली आणि दोरा कापला. कापताना बाईनं मध्ये आपलं बोट घातलं, मुलीच्या कातडीला टोक लागू नये म्हणून.

मग प्रश्न सुरू झाले. छापील कागद होता. गेल्या आठवड्यात तुम्हाला हसू आलं का? विनाकारण भीती वाटली का? झोप लागते का? बाई एकेक प्रश्न वाचत होती, दुभाषी तो हिंदीत करत होती, मी उत्तर देत होते, तरुण खूण करत होता. शेवटच्या प्रश्नांपाशी तिचा आवाज जरा हळू झाला. बाळाला एकटं टाकून जावं असं कधी मनात आलं का?

मला नाही म्हणता आलं असतं. नवऱ्याचा मेसेज मांडीवरच्या फोनमध्ये चमकत होता. "काय चाललंय? दार उघडलंस का?" मी फोन उलटा ठेवला.

"मी गेले होते," मी म्हटलं.

आदल्या गुरुवारची दुपार होती. मी मुलीला गादीवर चारी बाजूंनी उशा लावून ठेवलं, दार ओढून घेतलं आणि तीन जिने उतरून खाली सायकलींच्या स्टँडपाशी जाऊन उभी राहिले. पायात घरातल्या सपाता. स्टेशनवर जायचं, येईल ती ट्रेन पकडायची, एवढंच मनात होतं. वर खिडकी उघडी होती आणि तिचं रडणं खालपर्यंत येत होतं. एक म्हातारी बाई सायकलीचं कुलूप काढता काढता थांबली, तिनं वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. दहा मिनिटांनी वर आले. मुलगी रडून रडून झोपली होती, उशीत तोंड खुपसून. मी तिला सरळ केलं आणि ती श्वास घेते आहे का ते बघत संध्याकाळपर्यंत तिथेच बसले.

हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. आता फोनमधल्या एका अनोळखी बाईला सांगितलं, आणि तिनं ते वाक्यावाक्यानं जपानीत केलं. माझीच गोष्ट परक्या भाषेत जाताना मी ऐकत होते. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई उठली आणि बाल्कनीत जाऊन, काच ओढून घेऊन, तिनं कोणाला तरी फोन लावला.

तो फोन चालला तेवढा वेळ मी मुलीला अंगावर घेऊन बसले. काचेपलीकडे बाई एकदा होकारार्थी मान हलवायची, एकदा घराकडे बघायची. तरुण नजर वर उचलत नव्हता. मी मनात हिशेब करत होते, हिचे कपडे कोणते द्यायचे, हिला बाटलीनं दूध पिता येत नाही हे त्यांना कसं सांगायचं. इथपर्यंत गेले होते मी.

बाई आत आली आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"आम्ही बाळाला नेत नाही आहोत," दुभाषीनं सांगितलं. "पण आज तुम्ही एकट्या राहू नका असं त्या म्हणतात. नवरा आज येऊ शकेल का? येऊ शकत नसेल तर आई आणि बाळ दोघींना ठेवून घेणारी एक जागा आहे, तिथे खाट आहे."

मी नवऱ्याला पुन्हा फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. त्या बाईनंच त्याच्याशी जपानीत बोलणं केलं. तो "हाय, हाय", म्हणजे हो, हो, एवढंच म्हणत होता. शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, पकडून तो संध्याकाळी घरी पोचला. तोपर्यंत तो तरुण आणि बाई आळीपाळीनं आमच्या घरात बसून होते.

ते दोघं गेल्यावर नवरा बॅग न ठेवताच म्हणाला, "तू ते सगळं कशाला सांगितलंस?"

"विचारलं म्हणून."

"अगं, हे रेकॉर्डवर जातं. उद्या व्हिसा रिन्यू करताना काढतील. नाही म्हणायला काय झालं होतं?"

"खरं होतं ते," मी म्हटलं. "मी गेले होते तिला टाकून."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, पण ते त्याला ऐकू गेलं नव्हतं. त्याला भीतीच इतकी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी आम्हाला आरोग्य केंद्रात बोलावलं होतं. सरकारी परिचारिकेनं, चाळिशीची, छोट्या केसांची होती ती, मुलीचं वजन केलं आणि मला विचारलं, घरी कसं असतं? मी मराठीत नवऱ्याला सांगितलं की मला दुपार झाली की धडधडायला लागतं, आणि मला या बाळाची भीती वाटते. तो जपानीत बोलला. वाक्य फारच छोटं होतं. मला जपानी येत नसलं तरी "चोत्तो" कळत होतं. चोत्तो म्हणजे थोडंसं. त्यानं सांगितलं होतं की ती थोडी दमली आहे.

परिचारिकेनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या. ती अतिशय नम्रपणे त्याला काहीतरी म्हणाली आणि तिनं टेबलावरचा फोन ओढला. पुन्हा दुभाषी, पुन्हा हिंदी.

"त्या म्हणतात, भाषांतर घरच्या माणसानं करू नये असा इथला नियम आहे. तुम्ही मला सांगा, मी जसंच्या तसं सांगेन."

मग मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तळव्याचंही सांगितलं, दाराआडचं. आदल्या दिवशी ते राहिलं होतं. नवरा शेजारी बसला होता. त्याला हिंदी कळत होतं आणि जपानीही, त्यामुळे त्याला सगळं दोनदा ऐकावं लागलं. दुसऱ्यांदा ऐकताना त्यानं मुलीला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलताना मला दिसले.

परिचारिकेनं एक कोरा कागद घेतला. आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर आयांनी बाळांना घेऊन बसायची जागा आहे, तिथपर्यंतचा रस्ता तिनं काढला. मी कितीदा बसच्या खिडकीतून ती इमारत पाहिली होती. घरी येऊन बाळ सांभाळणाऱ्या मदतनीस बायका असतात, त्यांचा अर्ज तिनं स्वतः भरला, मी सही केली. मग तिनं नवऱ्याला विचारलं, तुम्ही बाळासाठीची रजा घेतलीत का? ती बापालाही असते हे त्याला ऐकून माहीत होतं, पण आपल्यासाठी आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं. साहेबांना कसं विचारायचं, असं तो पुटपुटला. तिनं कायद्याचं पत्रक त्याच्या हातात दिलं आणि एका ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारली.

त्यानं विचारलं. साहेबांचा चेहरा पडला, क्लायंटनं नाराजी दाखवली, आणि रजा मिळाली. सहा आठवडे.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. मदतनीस बाई पहिल्यांदा आली तेव्हा मी आधी घर पुसून काढलं आणि ती मुलीला घेऊन बसली असताना तिच्यावर डोळा ठेवून दाराशी उभी राहिले. पुढच्या खेपेला तिनं मला खुणेनं झोपायला सांगितलं. मी आडवी झाले ती थेट तिची वेळ संपल्यावरच उठले. आयांच्या त्या जागी मी पहिले तीन दिवस कोपऱ्यात बसून राहिले. चौथ्या दिवशी एका नेपाळी मुलीनं माझ्या मांडीवर आपलं बाळ ठेवलं आणि, "पाच मिनिट, बाथरूम," एवढं बोलून ती गेली. दुसऱ्याचं बाळ माझ्यावर सोपवण्याइतकी मी बरी दिसत होते तर.

अधिकारी बाई मात्र दर महिन्याला येत राहिली. बेल वाजली की मी आधी मुलीला उचलून घ्यायचे, ती खेळत असली तरी. ती मुलीचं अंग बघायची, मला प्रश्न विचारायची, पाण्याला हात न लावता निघून जायची. आमच्याबद्दल कोणी कळवलं, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ते सांगता येत नाही, म्हणाली. सायकलवाली म्हातारी लिफ्टपाशी भेटायची. मी मान लववायचे, तीही लववायची. ती असेल किंवा नसेल. काही महिने मला त्या कळवणाऱ्या माणसाचा राग होता. खरं सांगायचं तर अजूनही थोडा आहे. त्यानं बरोबर केलं हेही मला कळतं.

मुलगी धरून धरून उभी राहायला लागली त्या सुमारास ती बाई शेवटची आली. त्या दिवशी दुभाषी नव्हती, मला तोडकंमोडकं बोलता यायला लागलं होतं. यापुढे आम्ही येणार नाही, आमच्याकडून काम संपलं, असं तिनं सांगितलं. मी ज्या वाक्याची इतके महिने वाट पाहिली होती ते हेच. पण ते ऐकल्यावर मला आनंद झाला नाही, धस्स झालं.

"मग मला परत तसं वाटलं तर?" मी विचारलं.

ती बूट घालत होती. वाकलेली असतानाच वर बघून म्हणाली, "फोन करा. आम्ही आहोत."

त्यानंतर मी दोनदा फोन केला. एकदा पाळणाघरासाठी कुठे अर्ज करायचा ते विचारायला, आणि एकदा नुसताच.